काही झालं नाही

त्या दुपारी जे घडलं त्याला प्रसंग म्हणावं की नाही, इथूनच माझी अडचण सुरू होते. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत जॉन्सन क्रीक नावाची एक गवताची धावपट्टी आहे. जुलै महिना, दुपारचे अडीच-तीन वाजलेले. धावपट्टीच्या कडेला, झाडांच्या सावलीत आम्ही दहा-बारा जण घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. तापलेल्या पाइनच्या डिंकाचा वास येत होता, मागे ओढा वाजत होता, कुणीतरी तव्यावर मासे परतत होतं. समोर एक चार सीटचं विमान निघायच्या तयारीत. चार धिप्पाड माणसं, तंबू, आइसबॉक्स, मासेमारीचं सामान सगळं आत कोंबलं गेलं, दार दोनदा आपटून लावलं. इंजिन पूर्ण जोरात आलं, विमान सुटलं. सुटलं ते धावतच राहिलं. आमच्यासमोरून गेलं तेव्हा चाकं गवतातच होती. पुढे नाक वर झालं, चाकं सुटली, परत टेकली, एक उसळी घेऊन पुन्हा सुटली. मग दोन पुरुष उंचीवर, धड वर नाही धड खाली नाही, असं ते दरीच्या तोंडाकडे गेलं आणि झाडांमधल्या फटीतून ओढ्याच्या वळणाआड दिसेनासं झालं. आवाज तेवढा येत राहिला, मग तोही थांबला. खुर्च्यांवरची माणसं बोलायची थांबली. बऱ्याच वेळाने लांबून, डोंगराच्या पलीकडून घरघर ऐकू आली. कुणीतरी शिट्टी मारली, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि माशांचा वास पुन्हा जाणवायला लागला.

झालं ते एवढंच. विमान गेलं, पोचलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आम्ही तिथे गेलो होतो शेजारच्या आजोबांमुळे. बॉयसीत आमच्या शेजारी राहतात, माझा लेक त्यांना आजोबाच म्हणतो, आणि त्यांनाही आता ते आपलं नाव वाटतं. त्यांच्याकडे जुनं सेसना १७२ आहे, चार सीटचं छोटं विमान. उन्हाळ्यात ते अशा धावपट्ट्यांवर तंबू ठोकून राहतात. त्या वर्षी बाबा कराडहून आले होते, म्हणून आजोबांनी बोलावलं. ते विमानाने गेले, आम्ही गाडीने. कॅस्केडवरून वॉर्म लेकच्या रस्त्याने वर, मग लँडमार्कपासून कच्च्या रस्त्याने ओढ्याच्या कडेकडेने खाली. धुळीने गाडीचा रंग बदलला. बाबा पुढे बसून रस्ता बारकाईने बघत होते. त्यांची हयात घाटांत गेली. आधी ट्रक, मग स्वतःची जीप घेऊन कराड-पाटण वडाप. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रस्त्यासारखा रस्ता भेटला असावा.

पोचल्या पोचल्या बाबांना एकच हौस, विमानात बसायची. आजोबांनी हवं तेव्हा नेईन असं आधीच कबूल केलं होतं. पण दुपारी विचारल्यावर मान हलवून म्हणाले, आत्ता नाही, उद्या सकाळी सहाला. बाबांचा चेहरा उतरला. ते इंग्रजीत काही बोलले नाहीत, माझ्याकडे वळून म्हणाले, "आभाळ तर कसं लख्ख हाय. वारा बी न्हाई. येवढं मोठं मैदान हाय. मग अडतंय कुठं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. ढग नाहीत, पाऊस नाही, धुकं नाही. आपल्याला विमान म्हटलं की एवढंच वाईट हवामान ठाऊक. इतक्या सुंदर दुपारी हा माणूस नाही म्हणतो, म्हणजे आपला कंटाळा आला असणार, असं वाटून मी जराशी खट्टूच झाले. आणि त्यानंतर तासाभरात ते चार धिप्पाड लोकांचं विमान गेलं. म्हणजे जाता येत होतं की! बाबांनी माझ्याकडे पाहिलंच.

आजोबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. कॉफीचा कप गवतात ठेवून ते तंबूत गेले आणि वही घेऊन आले. वहीत त्यांनी जे दाखवलं ते मी बाबांना मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट कळलं. ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून ४,९६० फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर हवा साधारण ५ अंश सेल्सिअस असेल असं धरून विमानाचे आकडे बांधलेले असतात. त्या दुपारी होतं ३२. वरच्या प्रत्येक अंशाला १२० फूट मिळवायचे. सत्तावीस अंशांचे झाले ३,२४०. म्हणजे आपण बसलोय गवतावर, पाय जमिनीला टेकलेत, पण विमानाच्या लेखी ही जमीन ८,२०० फुटांवर आहे. कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई ठेवली तर जेवढं होईल तेवढ्यावर. लख्ख ऊन हीच इथली अडचण होती. गरम हवा पातळ होते आणि तिचा फटका एकाच जागी बसत नाही. इंजिनला श्वास कमी मिळतो, दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे इथे पाव भाग निघून गेलेला. पंख्याला ओढायला हवा कमी, पंखांना टेकायला हवा कमी. वर दुपारच्या उन्हाने डोंगरांच्या कडांना हवा उकळत असते, तिचे वर-खाली झोत असतात ते वेगळेच. म्हणून इथली जाणती माणसं उजाडता उजाडता उडतात आणि दुपारी खुर्च्या टाकून दुसऱ्यांची उड्डाणं बघतात.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते डोळ्यांच्या फसवणुकीचं. पातळ हवेत पंखांना तोच जोर मिळवायचा तर विमानाला जमिनीवरून प्रत्यक्षात जास्त वेगाने धावावं लागतं. वेगाचा काटा सांगत असतो की अजून झालं नाही, पण बाजूचं गवत आणि झाडं रोजच्यापेक्षा जोरात मागे पळताना दिसतात. डोळ्यांना वाटतं आपण सुसाट चाललोय, आता ओढ. पायलट ओढतो. आणि विमान उचललंही जातं! पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे अशा विमानाला जमिनीपासून तीस-पस्तीस फुटांपर्यंत, जमीन जवळ असल्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो आणि एरवी जे विमान उडालं नसतं ते तिथे तरंगतं. तिथून वर जायची ताकद त्याच्यात असतेच असं नाही. चाकं सुटली की आतल्या चौघांना वाटतं, सुटलो. खरं म्हणजे त्या क्षणी परत फिरायची जागा तेवढी मागे पडलेली असते.

असाच एक व्हिडिओ आहे, विमानवेड्या लोकांमध्ये बराच फिरलेला. ३० जून २०१२. आयडाहोतलीच, स्टॅन्लीच्या वायव्येला ब्रूस मेडोज नावाची धावपट्टी. उंची ६,३७० फूट, लांबी चांगली ५,००० फूट, आजूबाजूला मोकळं कुरण. विमान स्टिन्सन १०८-३, चाळिशीच्या दशकातलं, देखणं. आत चौघे, आणि आतूनच शूटिंग चालू. दुपारची वेळ, गरम हवा. समजा २७ अंश धरले, तरी वहीतल्या हिशेबाने ती जमीन ९,३०० फुटांवर गेली. हे चित्रण मी त्या रात्री आजोबांकडून ऐकलं आणि बॉयसीला परतल्यावर पाहिलं. भयंकर काही दिसेल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. भयंकर वाटलं ते त्यातलं निवांतपण. विमान धावतंय, धावतंय, धावतंयच. काही मोडत नाही, इंजिन बंद पडत नाही, कुणी ओरडत नाही. चाकं एकदा सुटून परत टेकतात. मग विमान वर येतं आणि झाडांच्या शेंड्यांशी खेळत बराच वेळ जातं. आपण बाहेर बसून म्हणत असतो, अरे उतरव, अजून कुरण आहे, उतरव. शेवटी शेंडे वर येतात आणि ते झाडांत जाऊन बसतं. चौघेही वाचले, सगळ्यात जास्त लागलं ते पायलटला. अपघात म्हटलं की आपल्या डोक्यात एक क्षण असतो, धडाम असा. इथे तो क्षण सापडतच नाही. सुरुवातीला नेऊन थांबवलं तरी सगळं ठीक, मधे थांबवलं तरी ठीकच वाटतं.

त्या रात्री शेकोटीपाशी बाबा उशिरापर्यंत गप्प होते. मग अचानक वडापचं बोलायला लागले. दहा जणांची जीप, अठरा-वीस माणसं. बाजाराच्या दिवशी तर मागच्या पायरीवर चौघे, टपावर पोती. "सरकून घ्या की, लांब कुठं जायाचंय?" हे वाक्य मी लहानपणी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हातारी बाई रस्त्यात हात करून उभी आहे, पुढची गाडी कधी येईल ठाऊक नाही, आणि आपण नाही म्हणायचं? वर पैसे मिळत होते, हेही होतंच. कोयनेकडच्या चढाला जीप कुंथायची, ते पहिला गिअर टाकून चढवायचे. "रोज न्यायचो," बाबा म्हणाले, "येवढ्या वर्सांत कधी काही झालं न्हाई." आणि ते वाक्य संपवून मलाच विचारल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलणार? त्या जिपेवर माझं शिक्षण झालंय.

'काही झालं नाही' हे किती बळ देणारं वाक्य आहे! एकदा जड विमान गरम दुपारी निघालं आणि पोचलं, की त्या पायलटच्या मनात एक आकडा पक्का होतो. एवढं सामान चालतं. पुढच्या खेपेला हवा दोन अंशांनी गरम असते, नाहीतर गवताला नुकतंच पाणी घातलेलं असतं (जॉन्सन क्रीकच्या गवताला सांभाळणारे लोक उन्हाळाभर पाणी घालतात, म्हणून ते इतकं हिरवंगार असतं, आणि ओलं गवत चाकांना धरून ठेवतं), नाहीतर कुणीतरी एक आइसबॉक्स जास्त आणतो. विमानाचं वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर धाव साधारण वीस टक्क्यांनी वाढते. हा हिशेब सरळ रेषेत चालत नाही, पण माणसाचा अनुभव सरळ रेषेतच चालतो. मागच्या वेळी झाडं दहा फुटांनी चुकली की शंभर, हे पायलटला आतून नीट कळत नाही. चुकली एवढंच कळतं. आम्ही बाहेर बसलेल्यांनी पाहिलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भाऊ ट्रेकर आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आला तेव्हा त्याने नेपाळातल्या लुक्ला विमानतळावरून निघतानाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. उतार इतका की विमान उभं असतानाच पुढे झुकलेलं. ५२७ मीटरची धावपट्टी, साधारण १२ टक्के उतार, टोकाला डोंगर संपतो आणि खाली दरी. उतरायचं चढावर, निघायचं उतारावर, दुसरी दिशाच नाही. ब्रेक सुटले आणि आतल्या अख्ख्या मराठी ग्रुपने 'गणपती बाप्पा मोरया' केलं. तेव्हा मीही हसून अंगठा पाठवला होता. लुक्लाची विमानंही सकाळी लवकरच जातात, आणि तिथली माणसं हे सगळं आजोबांच्या वहीपेक्षा कितीतरी जास्त जाणतात. तरीही १४ एप्रिल २०१९ ला सकाळी तिथून निघालेलं एक एल-४१० जातीचं छोटं विमान धावता धावता उजवीकडे वळलं आणि बाजूला उभ्या हेलिकॉप्टरांवर गेलं. तिघे गेले, त्यांत सहवैमानिक होता आणि खाली ड्यूटीवर असलेले पोलीस होते. त्याचा गरम हवेशी संबंध नव्हता. पण ती बातमी वाचताना भावाच्या व्हिडिओतला तो जल्लोष मला ऐकू यायला लागला, आणि तेव्हापासून तो व्हिडिओ मी पुन्हा उघडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांना नेलं. अंगात दोन स्वेटर, गवतावर दव, तोंडातून वाफ निघत होती. थर्मामीटर ४ अंशांवर, म्हणजे जमीन होती तिथेच होती, ४,९६० च्याही किंचित खाली. निघण्याआधी आजोबांनी बाबांना वजन विचारलं. बाबांनी सांगितलं. बूट-स्वेटरसकट? मग मीच लाजत लाजत सामानाचा काटा आणला. तो आपल्या सगळ्यांच्याच घरी असतो, भारतात जाताना तेवीस किलोच्या बॅगा उचलून बघायचा, मुठीत धरायचा. त्यावर कॅमेऱ्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, बाबांची शिदोरी (आईने दिलेल्या दशम्या ते आठवडाभर पुरवत होते), सगळं लागलं. आजोबांना काटा फार आवडला. ते आत्तापर्यंत न्हाणीघरातला वजनकाटा विमानात घालून आणायचे.

मग ते बाबांना घेऊन धावपट्टीवर चालत गेले आणि बरोबर मध्यावर कडेच्या झुडपाला लाल फडकं बांधलं. तिथे पोचेपर्यंत उडायला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर इंजिनचा जोर काढून ब्रेक. पंचावन्न नॉट वेगाला उडणार असू तर फडक्यापाशी अडतीस-एकोणचाळीस तरी हवेत. उड्डाणाच्या धावेत विचार करायला वेळ नसतो, शिवाय मनाची ओढ पुढेच असते, म्हणून विचार आधी पायी चालून करून ठेवायचा. बाबांना हे लगेच पटलं. घाट उतरायचा तर खालचा गिअर माथ्यावरच टाकायचा, मधे नाही, असं ते मला म्हणाले. फडकं यायच्या आधीच विमान वर होतं. मी खालून बघत होते. विमान धावपट्टीच्या टोकाला पोचलं तेव्हा झाडं कितीतरी खाली राहिली होती आणि ते बघताना अजिबात मजा आली नाही. कंटाळवाणंच होतं ते. टाळ्या वाजवाव्यात असं काही नव्हतंच, आणि पहाटे सव्वासहाला वाजवायला कुणी जागंही नव्हतं.

बाबा तासाभराने आले ते वेगळेच होऊन. आतल्या भागातली पठारं, सामन नदीची वळणं, एका डोंगराच्या कुशीत रुमालाएवढी धावपट्टी, सगळं हातवारे करून सांगत होते. तो सगळा प्रदेश १९८० पासून राखीव रान आहे. तिथे यंत्राची करवत चालवता येत नाही, सायकलसुद्धा नेता येत नाही, पण खाणवाल्यांनी आणि वनखात्याने पूर्वी केलेल्या धावपट्ट्या तशाच राहू दिल्यात. आतल्या एकट्या रँचना हिवाळ्यात आजही टपाल विमानानेच जातं. अशा ठिकाणी विमान म्हणजे हौसही आणि एसटीही. म्हणून ते चौघे मूर्ख होते असं म्हणून मोकळं होता येत नाही. सोमवारी कामावर जायचं असेल, सकाळी मासे लागत असतील, तंबू आवरायला उशीर झाला असेल.

मला अजून जे सलतं ते आमच्या खुर्च्यांचं. ब्रूस मेडोजचा व्हिडिओ पाहून लाखो लोक शहाणे झाले, ज्याला त्याला त्या पायलटचं काय चुकलं ते ठाऊक. इथे डोळ्यांसमोर तेच नाटक चाललं होतं, प्रेक्षकांत निम्मे पायलट होते, आणि निघण्याआधी कुणी उठून 'संध्याकाळी सातला निघा की' म्हणालं नाही. आजोबाही नाहीत. परतल्यावर एकदा कुंपणापाशी मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, दुसऱ्याच्या विमानाबद्दल न विचारता बोलायची इथे रीत नाही. माणूस दुखावतो, आणि दुखावलेला माणूस हट्टाने जास्तच उडतो. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, माझ्या बाबांना तर तुम्ही तोंडावर नाही म्हणालात. ते म्हणाले, ते माझं विमान होतं. आमचा वाद तिथेच राहिलाय, अधूनमधून निघतो, दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

मधला मार्ग त्यांनी आपल्या परीने काढलाय. आमचा सामानाचा काटा त्यांनी मागून घेतला. आता जॉन्सन क्रीकला गेले की तंबूबाहेरच्या झाडाला तो लटकावून ठेवतात, शेजारी पेन्सिल आणि त्या दिवसाचं तापमान लिहिलेला पुठ्ठा. कुणाला काही सांगत नाहीत, काटा नुसता दिसेल असा असतो. मागच्या उन्हाळ्यात फायदा झाला का, विचारलं. म्हणाले, एका जोडप्याने बॅगा लावून पाहिल्या आणि एक बॅग आमच्याकडे ठेवून गेले, नंतर येऊन नेली. आणि बाकीचे?

बाकीच्यांनी ट्राउट तोलले, म्हणाले. सगळ्यात मोठा सव्वा किलोचा भरला.